मोफत वाय-फाय : नगरपालिकेचे कर्तव्य की उधळपट्टी?



आजचे युग हे माहितीचे युग आहे, हे वाक्य आपण सभा-संमेलनांतून नेहमीच ऐकतो. परंतु माहिती ज्या वाटेने येते ती वाट कोणाच्या दारापर्यंत पोहोचली आणि कोणाच्या दारापासून दूर राहिली, याचा विचार मात्र फारसा होत नाही. गेल्या काही वर्षांत शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र आणि निकाल ही सर्व कामे इंटरनेटवर गेली आहेत. महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचे प्रवेशही संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. पूर्वी शाळेच्या कारकुनाकडे हेलपाटे घालावे लागत. आता हेलपाटे गेले, पण त्यांच्या जागी मोबाईलचा रिचार्ज आला. ज्याच्याकडे रिचार्जला पैसे नाहीत त्याच्यासाठी शेवटची तारीख ही खरोखरच शेवटची ठरते.

अशा वेळी ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनी सार्वजनिक ठिकाणी बिनतारी इंटरनेट, म्हणजेच वाय-फाय, मोफत पुरवावे काय, हा प्रश्न उभा राहतो. काही जणांच्या मते ही निव्वळ उधळपट्टी आहे, तर काहींच्या मते तो नागरिकांचा हक्क आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तपासून आपल्या संस्थेने व विद्यार्थ्यांनी कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार करावयाचा आहे.

१) वाय-फाय म्हणजे नेमके काय?

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. इंटरनेट हे मुख्यतः जमिनीखालून व खांबांवरून जाणाऱ्या काचतंतूच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, आपल्या भागात येते. ही तार एका यंत्राला जोडतात व ते यंत्र आजूबाजूला रेडिओ लहरी सोडते. त्या लहरी मोबाईल किंवा संगणक पकडतो. या लहरींसाठी जी 'जागा' लागते, त्यापैकी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त केला. त्यामुळे मोबाईल कंपन्यांप्रमाणे कोट्यवधी रुपये मोजून लहरी विकत घेण्याची गरज येथे पडत नाही.

परंतु या यंत्राची धाव मर्यादित असते. उघड्या मैदानात साधारण शंभर मीटर, आणि भिंती आड आल्या की त्याहून पुष्कळच कमी. दुसरे असे की, एका तारेतून येणारे इंटरनेट सर्वांत वाटले जाते. समजा, एका अभ्यासिकेत शंभर एमबीपीएस वेगाची जोडणी आहे आणि चाळीस विद्यार्थी एकाच वेळी ती वापरीत आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला अडीच एमबीपीएस येईल. साध्या प्रतीचे व्हिडिओ व्याख्यान पाहण्यास एक ते दीड एमबीपीएस पुरते. म्हणजे चाळीस विद्यार्थ्यांचे काम एका साध्या जोडणीवर भागू शकते. पण तेच यंत्र भर चौकात लावले आणि चारशे माणसे त्यावर तुटून पडली, तर कोणाचेच काम होणार नाही. हा साधा हिशेब पुढील सर्व चर्चेत ध्यानात ठेवावा.

२) दरी किती रुंद आहे?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार भारतातील केवळ २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरात हे प्रमाण ४२ टक्के, तर खेड्यात १४.९ टक्के होते. संगणक असणारी कुटुंबे १०.७ टक्केच होती. त्यानंतर मोबाईल पुष्कळ वाढले, हे खरे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांनी कधी तरी इंटरनेट वापरले आहे अशा पुरुषांचे प्रमाण ५७.१ टक्के आणि स्त्रियांचे फक्त ३३.३ टक्के आढळले. म्हणजे घरात मोबाईल आला तरी तो घरातल्या मुलीच्या हातात येतोच असे नाही.

२०२० च्या टाळेबंदीने ही दरी उघडी पाडली. शाळा बंद झाल्या व अभ्यास मोबाईलवर आला. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांतील सुमारे चौदाशे मुलांची पाहणी झाली. तीत नियमितपणे ऑनलाइन अभ्यास करणारी मुले शहरात २४ टक्के व खेड्यात ८ टक्के निघाली. खेड्यातील अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांत तर हे प्रमाण ४ टक्के होते, आणि त्याच खेड्यांतील इतर मुलांत १५ टक्के. गरिबी सर्वांचीच होती, पण गरिबांतही जातीची पायरी कायम राहिली. आपल्या समाजाने हा आकडा विसरता कामा नये.

३) विरोधकांचे म्हणणे

कोणत्याही प्रश्नाचा अभ्यास करताना विरुद्ध पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. परमपूज्य बाबासाहेब आपल्या लेखनात प्रतिपक्षाचा मुद्दा आधी पूर्ण मांडीत आणि मग त्याचा समाचार घेत. त्याच रीतीने मोफत वाय-फायविरुद्धचे मुख्य आक्षेप पाहू.

पहिला आक्षेप असा की, नळाला पाणी नाही, गटारे तुंबलेली, दवाखान्यात औषध नाही. अशा स्थितीत वाय-फाय ही चैन आहे. हा आक्षेप गंभीर आहे. पाण्याची बरोबरी इंटरनेटशी कोणीही शहाणा माणूस करणार नाही. जी नगरपालिका पिण्याचे पाणी देऊ शकत नाही तिने चौकाचौकांत वाय-फायचे खांब उभारू नयेत, हे मान्य केले पाहिजे. मात्र एका अभ्यासिकेतील जोडणीचा खर्च आणि संपूर्ण शहरावर लहरी पसरविण्याचा खर्च यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरा आक्षेप असा की, २०१६ साली जिओ कंपनी आल्यापासून डेटा इतका स्वस्त झाला की मोफत देण्याची गरजच उरली नाही. दर पुष्कळ उतरले, ही वस्तुस्थिती आहे. पण खाजगी कंपनीने स्वस्त केलेली वस्तू ती महागही करू शकते. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर साधारण अकरा ते पंचवीस टक्क्यांनी वाढविले. शिवाय तीन मुले असलेल्या मजुराच्या घरी तीन रिचार्ज होत नाहीत, एकच होतो, आणि बहुधा तो वडिलांच्या मोबाईलचा असतो.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी जो ई-मेल पाठविण्यात आला, तो नवी मुंबईतील एका घरातील कुलूप नसलेल्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात आढळले. त्यानंतर २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदविण्याबाबत सूचना काढल्या. म्हणूनच आज सार्वजनिक वाय-फाय वापरताना मोबाईलवर ओटीपी येतो. धोका आहे, पण त्यावर उपायही आहे. मात्र ओळख नोंदविण्याच्या नावाखाली लोकांच्या वाचनावर पाळत ठेवली जाऊ नये किंवा ती माहिती जाहिरातदारांना विकली जाऊ नये, ही काळजीही तितकीच महत्त्वाची आहे.

चौथा आक्षेप असा की, मुले अभ्यास करणार नाहीत, सिनेमे पाहतील व खेळ खेळतील. काही मुले तसे करतील यात शंका नाही. पण ग्रंथालयात काही लोक केवळ वर्तमानपत्रातील कोडे सोडविण्यास येतात, म्हणून कोणी ग्रंथालय बंद केले नाही. नियम व देखरेख असली की सोय सत्कारणी लागते.

४) इतरांच्या अनुभवातून

हा प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाला आहे. त्यातील यश-अपयश पाहणे उद्बोधक ठरेल.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २००४ साली साऱ्या शहरावर वाय-फाय पसरविण्याची घोषणा केली. शहराचे क्षेत्रफळ सुमारे १३५ चौरस मैल. अर्थलिंक नावाच्या कंपनीने स्वतःच्या खर्चाने यंत्रणा उभारावी, लोकांकडून अल्प मासिक वर्गणी घ्यावी व गरिबांना आणखी सवलत द्यावी, असे ठरले. परंतु खांबांवरील लहरी विटांच्या जुन्या घरांत नीट शिरेनात. कल्पनेपेक्षा अधिक यंत्रे लावावी लागली, खर्च वाढला आणि ग्राहक मात्र अपेक्षेइतके मिळाले नाहीत. मे २००८ मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. ज्या गरीब कुटुंबांच्या नावाने योजना आखली त्यांच्या हाती फारसे काही उरले नाही.

न्यूयॉर्कने दुसरी वाट धरली. २०१६ पासून जुन्या टेलिफोन बूथच्या जागी वाय-फायचे खांब उभे राहिले. सेवा मोफत, आणि खर्च खांबांवरील जाहिरातींतून. परंतु जाहिरातींचे उत्पन्न अपेक्षेइतके आले नाही व कंपनीकडून शहराला येणे असलेली मोठी रक्कम थकली. शिवाय जाहिरात जेथे खपते तेथेच खांब अधिक उभे राहिले. श्रीमंत मॅनहॅटनमध्ये त्यांची गर्दी झाली आणि बाहेरील गरीब वस्त्यांत ते विरळ राहिले. खर्च जाहिरातदाराने उचलला की जागाही जाहिरातदारच निवडतो, हा त्यातील बोध.

युरोपीय संघाने तिसरा प्रयोग केला. २०१८ ते २०२० या काळात 'वायफाय फॉर ईयू' या योजनेखाली आठ हजारांहून अधिक नगरपालिकांना प्रत्येकी पंधरा हजार युरो देण्यात आले. ग्रंथालये, उद्याने, आरोग्य केंद्रे अशा सार्वजनिक जागी यंत्रे बसवावीत, सेवा मोफत व जाहिरातमुक्त असावी आणि निदान तीन वर्षे जोडणीचा व देखभालीचा खर्च नगरपालिकेने स्वतः उचलावा, अशा अटी होत्या. या योजनेने साऱ्या शहरावर छत घालण्याचा हव्यास धरला नाही. लोक जेथे कामासाठी येतातच तेथे सोय केली व पुढील खर्चाचे उत्तरदायित्व आधीच ठरविले.

आपल्याकडे जानेवारी २०१७ मध्ये राज्य शासनाने मुंबईत ५०० ठिकाणी वाय-फाय सुरू केले व ते १,२०० ठिकाणी नेण्याचे जाहीर केले. दिल्ली सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये ११,००० ठिकाणांची योजना आरंभिली व प्रत्येकास महिन्याला १५ जीबी डेटा मोफत देण्याचे ठरविले. साध्या प्रतीच्या व्हिडिओला तासाला सुमारे अर्धा जीबी लागतो, त्या हिशेबाने ही तीस तासांची व्याख्याने झाली. अशा योजनांचे उद्घाटन थाटात होते. पण उद्घाटनानंतर दोन वर्षांनी किती यंत्रे चालू आहेत, बंद पडलेले यंत्र किती दिवसांत दुरुस्त होते, याचा जाहीर हिशेब मागणारे नागरिक थोडेच असतात.

रेल्वे स्थानकांचा अनुभव मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. रेलटेल या सरकारी कंपनीने गुगलच्या साहाय्याने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून मोफत वाय-फाय सुरू केले व २०१८ पर्यंत ते चारशे स्थानकांवर पोहोचले. २०२० साली गुगलने या कार्यक्रमातून बाहेर पडण्याचे जाहीर केले, तरी रेलटेलने सेवा चालू ठेवली, कारण फायबरची तार सरकारी मालकीची होती. केरळातील एका स्थानकावरील हमालाने ओझी वाहता वाहता याच वाय-फायवर व्याख्याने ऐकून २०१८ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली, ही बातमी वर्तमानपत्रांतून गाजली होती. त्याच्या जिद्दीला सलाम केला पाहिजे. पण ज्या स्थानकावर तो काम करीत होता तेथे सोय होती म्हणूनच ती जिद्द फळाला आली, हेही विसरू नये.

५) चवदार तळ्याचा धडा

आता हा प्रश्न आपल्या चळवळीच्या इतिहासाच्या प्रकाशात पाहू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण सवर्णांच्या विरोधामुळे अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर जाऊ शकला नाही. १९२६ साली बोले यांनी पुन्हा ठराव आणला की, जी नगरपालिका ही अंमलबजावणी करणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करावे. तरीही तळे कोरडेच राहिले, आपल्यापुरते. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. तळे खाजगी आहे, असा दावा करण्यात आला. तो वाद उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. १९२४ च्या ठरावापासून या निकालापर्यंत तेरा वर्षे गेली.

या इतिहासातून आपल्या विषयाला लागू पडणाऱ्या तीन गोष्टी निघतात. पहिली, जे सार्वजनिक पैशातून उभे राहते ते सर्वांचे असते. दुसरी, नगरपालिकेचा ठराव म्हणजे प्रत्यक्ष उपभोग नव्हे. तिसरी, ठराव करणारी संस्था तो रद्दही करू शकते. म्हणून लोकांनी जागे राहावे लागते.

वाय-फायच्या बाबतीत कोणी उघडपणे जात विचारणार नाही. पण यंत्र कोठे लावले जाते, यातच सारे आले. ते बाजारपेठेच्या चौकात लागले, नगरपालिकेच्या दर्शनी उद्यानात लागले आणि गावकुसाबाहेरील वस्तीत लागले नाही, तर योजना 'सर्वांसाठी' असूनही आपल्यासाठी नसेल. चौकातील वाय-फाय संध्याकाळी आठ वाजता वापरायला सोळा वर्षांची मुलगी जाऊ शकते काय? पावसाळ्यात कोणी रस्त्यावर उभे राहून प्रवेशाचा अर्ज भरू शकतो काय? याचे उत्तर 'नाही' असेल, तर ती सोय आहे असे म्हणता येणार नाही.

बाबासाहेबांचे विद्यार्थी-जीवन या दृष्टीने पाहावे. परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची दृष्टी त्यांच्यावर पडली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका सार्वजनिक बागेत बसून वाचण्याची मुभा होती म्हणून हा योग आला. पुढे १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढताना नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. नुसते दार उघडून भागत नाही, गरीब माणूस ज्या वेळी येऊ शकतो त्या वेळी ते उघडे असले पाहिजे, हा विचार त्यामागे होता.

धम्माच्या इतिहासातही हा विचार जुना आहे. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला विहिरी खोदल्या, झाडे लावली, माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था केली, हे त्याच्या शिलालेखांवरून कळते. वाटसरूची जात वा ऐपत न पाहता राज्याने सोय करावी, ही बहुजनांच्या हिताची कल्पना बौद्ध परंपरेने या देशाला दिली.

६) कायदा काय सांगतो?

दूरसंचार हा विषय राज्यघटनेतील केंद्र सूचीत ३१ व्या क्रमांकावर आहे. मग नगरपालिकेचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. नगरपालिकेने टेलिफोन कंपनी काढावी असे आपण म्हणत नाही. परवानाधारक कंपनीकडून जोडणी घेऊन ती आपल्या इमारतीत लोकांना वापरू देणे, एवढेच अपेक्षित आहे. १९९२ च्या ७३ व ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी ग्रंथालये हा विषय आहे, तर बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी शैक्षणिक व सांस्कृतिक बाबींना उत्तेजन आणि रस्त्यावरील दिवे, बसथांबे इत्यादी सार्वजनिक सोयी हे विषय आहेत. अभ्यासिकेतील वाय-फाय या चौकटीत सहज बसते.

केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहातील विद्यार्थिनींच्या मोबाईल वापरावरील बंदीच्या प्रकरणात, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा व खाजगी जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या खटल्यात, इंटरनेटद्वारे मत मांडण्यास व व्यवसाय करण्यास घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण असल्याचे सांगितले. मात्र या निकालांचा अर्थ 'सरकारने सर्वांना फुकट इंटरनेट दिलेच पाहिजे' असा होत नाही, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. हक्क अडवू नये हे एक, आणि हक्क बजावण्याचे साधन पुरवावे हे दुसरे. दुसरी गोष्ट लोकांना मागूनच मिळवावी लागते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये 'पीएम-वाणी' योजनेस मान्यता दिली. तिच्यानुसार चहावाला, किराणा दुकानदार किंवा एखादी संस्थाही परवाना शुल्क न भरता वाय-फाय केंद्र चालवू शकते. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा केंद्रांना द्यावयाच्या जोडणीच्या दरावर, घरगुती दराच्या दुपटीहून अधिक नको, अशी मर्यादा घातली. आपले बुद्धविहार व समाजमंदिरे यांनी या योजनेचा अभ्यास अवश्य करावा.

७) मग भूमिका कोणती घ्यावी?

वरील सर्व विवेचनावरून असे म्हणावे लागेल की, स्थानिक स्वराज्य संस्थांनी मोफत वाय-फाय द्यावे, पण ते साऱ्या शहरावर पसरविण्याच्या मागे न लागता, बसायला जागा असेल तेथे द्यावे. आपली मागणी पुढीलप्रमाणे असावी.

(अ) पहिला क्रम अभ्यासिका, सार्वजनिक ग्रंथालये, समाजमंदिरे, नगरपालिकेच्या शाळा व वसतिगृहे यांना मिळावा. चौक व उद्याने नंतर. त्यातही ज्या वस्त्यांत घरोघरी जोडणी कमी, त्या वस्त्या आधी.

(ब) वाय-फायबरोबर छप्पर, दिवा, पंखा, वीज गेल्यास इन्व्हर्टर, स्वच्छतागृह आणि निदान तीन-चार संगणक असावेत. ज्याच्याकडे मोबाईलच नाही त्याला नुसत्या लहरींचा काय उपयोग?

(क) अभ्यासिका पहाटे व रात्री उघडी असावी. मुलींसाठी स्वतंत्र बैठक व सुरक्षित वेळ असावी.

(ड) यंत्र बसविण्याच्या खर्चाबरोबर जोडणीचे मासिक भाडे, दुरुस्ती व देखरेख करणाऱ्या माणसाचे मानधन यांची तरतूद दरवर्षी अंदाजपत्रकात व्हावी. जाहिरातदारावर विसंबून राहू नये.

(इ) वापरणाऱ्याची ओळख कायद्याला आवश्यक तेवढीच नोंदवावी. ती माहिती कोणाला विकली जाऊ नये.

(फ) कोणती केंद्रे चालू, कोणती बंद, याचा फलक नगरपालिकेच्या कचेरीत लावावा.

ही मागणी करण्याची रीतही ठरलेली आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते व अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याआधी काही महिने चालते. म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमारास जावा. मार्च महिन्यात मोर्चा काढून उपयोग नाही. खेड्यात ग्रामसभेत ठराव मांडावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी येणारा निधी कशावर खर्च झाला, याची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. वस्तीत आणखी एक कमान उभारायची की अभ्यासिका, हा निर्णय शेवटी आपल्याच माणसांच्या सहीने होत असतो, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

८) विद्यार्थ्यांना दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, साधन मिळाले की जबाबदारीही येते. इंटरनेटवर ज्ञानाबरोबर असत्याचाही पूर वाहतो. कालाम सुत्तात तथागतांनी कालामांना सांगितले की, ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा बोलणाऱ्याचा अधिकार एवढ्यावरून काही खरे मानू नका, स्वतः तपासून पाहा. मोबाईलवर आलेल्या प्रत्येक संदेशाला हीच कसोटी लावा. बाबासाहेबांच्या नावावर खपविली जाणारी वाक्येही मूळ ग्रंथात पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. मुसावादापासून अलिप्त राहण्याचे शील मोबाईलच्या पडद्यावरही पाळावयाचे आहे.

समारोप

महाडला आपल्या पूर्वजांनी जे पाणी घेतले ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हते. सार्वजनिक वस्तूवर आपला समान हक्क आहे, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. आज ज्ञानाचे पाणवठे बदलले आहेत. त्यांच्यावर पाटी कोणाच्याही नावाची नाही, परंतु वाट मात्र पैशाची, वस्तीची व लिंगभेदाची झाली आहे. ती वाट मोकळी करणे हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्तव्य आहे, आणि त्यांच्याकडून ते करून घेणे हे आपले कर्तव्य आहे. सभासद बंधू-भगिनींनी आपापल्या प्रभागात किंवा गावात एक तरी अभ्यासिका निवडावी, तेथे काय आहे व काय नाही याची यादी करावी आणि येत्या अंदाजपत्रकापूर्वी ती लेखी स्वरूपात संबंधितांच्या हाती द्यावी. पोच घ्यावयास मात्र विसरू नये.

जय भीम! जय भारत!